हात जोडू नका, गाणं आहे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. दार अर्धं उघडून त्यांनी एकच प्रश्न केला.

"गाता का?"

मी म्हटलं, "नाही."

"गुणगुणता?"

"नाही."

"आंघोळ करताना?"

मी साताऱ्याहून नुकतीच आले होते आणि टेलिफोन खात्यात नोकरीला लागले होते. असल्या प्रश्नांना पुण्यात काय उत्तर देतात ते मला ठाऊक नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की आमच्या घरी आरतीच्या वेळी माझ्या हातात टाळ देतात आणि तोंड बंद ठेवायला सांगतात. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "मग या राहायला."

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. घर कॅम्पातलं, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी. खाली त्यांच्या यजमानांचं सायकलचं दुकान, मधल्या मजल्यावर ते दोघं आणि वर गच्चीला लागून भाड्याच्या दोन खोल्या. यजमानांना सगळे चाचा म्हणत आणि यांना खाला. खाला म्हणजे मावशी. पण मावशीसारखं जवळ जाऊन त्यांच्याशी बोलायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती. माझ्या आधीच्या भाडेकरूला न्हाणीघरात गायची सवय होती. एका सकाळी खालांनी दारावर टकटक केली आणि बाहेरून सांगितलं, "सूर लागत नाहीये. पाणी वाया घालवू नका." महिनाअखेरीस तो गृहस्थ खोली सोडून गेला. मी एकदा विचारलं, की तो सुरात गात असता तर ठेवला असता का.

"तर आधीच काढला असता," खाला म्हणाल्या. "सुरात गाणाऱ्याचा जास्त त्रास."

त्यांचं मराठी स्वच्छ होतं आणि तुटक होतं. ते कुठे शिकलात असं कुणी विचारलं की म्हणत, "दुकानांच्या पाट्या वाचून. म्हणून माझ्या तोंडात आधी 'नाही' येतं, मग बाकीचं वाक्य." भाजीवाल्याने पालक ताजा असल्याचं सांगितलं, की यांचं उत्तर तयार असे: "ताजा असता तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं." आणि मग त्याच्याकडूनच घेत. पोस्टमन, दूधवाला, वीजबिलवाला, सगळे त्यांच्या दारात आले की चपला नीट जोडीने काढून ठेवत. चपला वाकड्या असल्या तर खाला माणसाशी न बोलता चपलांशी बोलायच्या.

खाला इराकमधल्या बसऱ्यात जन्मल्या, बसऱ्यातच वाढल्या. वडील मूळचे पुण्याचे, तिथल्या बंदरात कारकून. आई तिथलीच. त्यामुळे घरातलं बोलणं, भांडणं, रागावणं, लाड, सगळं अरबीत. आई गेली, वडील निवृत्त झाले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर चार-पाच वर्षांनी ते लेकीला घेऊन पुण्याला परतले. इथे सायकलवाल्या चाचांशी लग्न झालं. पण बसऱ्याबद्दल खाला अशा बोलायच्या, की जणू ते हडपसरच्या थोडंसं पुढे आहे आणि बस वेळेवर आली तर संध्याकाळी परत येता येईल. "बसऱ्याला असं ऊन असतं का? हे ऊन नाही, ही नुसती कटकट आहे." खजूर विकत घेताना त्या एक उचलून उन्हात धरत आणि परत ठेवत. चहा बिनदुधाचा, लहानशा काचेच्या पेल्यात, वाळवलेलं काळं लिंबू टाकलेला. चाचा तो पेला घेऊन मुकाट्याने खाली दुकानात जात आणि तिथे त्यात दूध ओतून पीत. खालांना ते माहीत होतं. चाचांनाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. संसार चालला होता.

घरात रेडिओ नव्हता. एका रविवारी दुपारी त्यांच्यासोबत तांदूळ निवडत बसले होते तेव्हा मी सहज त्याबद्दल विचारलं. खालांनी हातातला खडा खिडकीबाहेर टाकला आणि सांगायला सुरुवात केली. आवाजात कसला चढउतार नाही, जणू शेजारणीची हकीकत.

बसऱ्यात लग्नघरी गायला बायकांचं पथक असे. चार-पाच जणी डफ वाजवायच्या आणि एक गायची. खाला सोळा-सतराव्या वर्षापासून त्या पथकात गायला लागल्या. त्या शहरात रस्त्यांइतकेच कालवे होते आणि ज्यांच्याकडे लग्न असे ते गाणाऱ्या बाईला आणायला होडी पाठवायचे. "होडी दारात लागली की मी मुद्दाम उशीर करायचे," त्या म्हणाल्या. "वाट बघायला लावल्याशिवाय गाणं लोकांच्या डोक्यात शिरत नाही."

"मग इथे का नाही गायलात?"

"गायले ना. एकदाच."

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी चाचांनी हौसेने सगळे नातेवाईक घरी जेवायला बोलावले. बायको गाते, याचा त्यांना फार अभिमान. जेवणं झाली, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसले आणि खालांनी त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं धरलं. गाणं होतं एका बाईचं. होडीवाल्याने तिला चुकीच्या काठावर उतरवलं म्हणून ती त्याच्याशी भांडते आणि भांडता भांडता तिला तो आवडायला लागतो. सुरुवातीचा आलाप लांब आणि वरच्या पट्टीतला. खालांनी डोळे मिटून तो घेतला. डोळे उघडले तर समोरच्या सगळ्या बायकांनी डोक्यावरून पदर ओढून घेतले होते. एक म्हातारी रडत होती. पुरुषांनी दोन्ही हात दुवा मागायला वर केले होते. गाणं संपलं आणि सगळे एका आवाजात "आमीन" म्हणाले.

"चाचासुद्धा?" मी विचारलं.

"सगळ्यात मोठ्याने."

त्यांचा दोष नव्हता, असं त्याच पुढे म्हणाल्या. बिचाऱ्यांनी अरबी फक्त अल्लाच्या कामासाठी ऐकलेली. अरबीत कुणी होडीवाल्याला शिव्या घालतं, हे त्यांना कोण सांगणार? नव्या सुनेने तर मुळीच नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या आठवड्यात चाचांच्या एका काकांकडे मयत झालं आणि खालांना निरोप आला, की त्या दिवशीची ती सुंदर दुवा म्हणायला या.

"मी गेले," खाला म्हणाल्या. "काय करणार? पण तिथे मी खरीखुरी दुवा म्हटली. तर लोक म्हणाले, ती दुसरी जास्त चांगली होती." त्यांनी तांदळाचं ताट हलवून सारखं केलं. "त्या दिवशी ठरवलं. या गावात आपण गायचं नाही."

आणि गेली जवळजवळ तीस वर्षं त्यांनी तोंडातून एक सूर काढला नव्हता.

माझ्या शेजारची खोली पुढे एका इराकी मुलाने घेतली. औषधशास्त्र शिकायला आलेला, हैदर नावाचा, उंच आणि घाबरट. एका सकाळी घाईघाईत त्याने गच्चीतला नळ उघडा टाकला आणि कॉलेजला निघाला. खाला जिन्यात त्याला आडव्या आल्या आणि रागाच्या भरात त्यांच्या तोंडून मराठीऐवजी अरबी निघालं. तेही लहानपणी आईने त्यांना ज्या शब्दांत झापलं असेल त्याच शब्दांत. हैदर जिन्यावरच थबकला. तो बसऱ्याचाच निघाला. तिकडे युद्ध चालू होतं, घरची खबर महिनोन्‌महिने नसायची, आणि इथे कॅम्पातल्या जिन्यात त्याची आजी बोलत होती. तो मटकन पायरीवर बसला आणि रडायला लागला.

खाला त्याच्याजवळच्या पायरीवर आल्या. मग त्याच भाषेत काहीतरी म्हणाल्या. मी नंतर अर्थ विचारला.

"रड हवं तेवढं, पण आधी नळ बंद करून ये, असं म्हटलं."

त्या दिवसापासून हैदरला बिनदुधाचा चहा मिळू लागला. दोघं गच्चीच्या कठड्याला टेकून बसऱ्यातल्या गल्ल्यांवरून वाद घालायचे. खालांच्या बसऱ्यात होत्या त्या निम्म्या गोष्टी हैदरच्या बसऱ्यात नव्हत्या आणि खाला त्याचा दोष हैदरला देत.

वर्षभराने हैदरचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्या नात्यातली, कुवेतमध्ये शिक्षिका. युद्धामुळे दोघांना घरी जाता येत नव्हतं, म्हणून ती भावाबरोबर पुण्याला यायची आणि लग्न इथेच व्हायचं, असं ठरलं. एका संध्याकाळी हैदर खालांसमोर मान खाली घालून उभा राहिला. मेंदीला गाणारं तिच्या बाजूचं कुणी नाही. आईही नाही, मावशीही नाही.

"मी गात नाही," खाला म्हणाल्या.

"बरं," हैदर म्हणाला आणि गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही. खाला मात्र त्या आठवड्यात प्रत्येकाशी भांडल्या.

मुलगी आली ती माझ्या खोलीत उतरली. सुआद तिचं नाव. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही खुणा करत आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत हसायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीत केस वाळवत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी म्हणत होती. मेंदीचंच गाणं असावं. मध्येच अडली, मागे गेली, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा अडली तेव्हा खाली स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला आणि खिडकीतून पुढची ओळ वर आली. म्हटलेली नव्हे, गायलेली.

सुआदने माझ्याकडे पाहिलं. मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. खाला हातात पळी घेऊन खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"शब्द चुकवत होती," त्या मला म्हणाल्या. "ऐकवत नाही."

सुआदने मुद्दाम पुढची ओळही चुकवली. हुशार मुलगी होती.

पण त्या ओळीने खालांना हादरा बसला होता तो वेगळ्याच कारणाने. दुपारी मी खाली गेले तेव्हा त्या आरशासमोर बसल्या होत्या. "तो आवाज कुणाचा होता?" त्यांनी मला विचारलं. "मी तर मुलीचा आवाज ठेवून दिला होता. हा कुणा म्हातारीचा निघाला." आवाज खरंच खाली उतरला होता, जाड झाला होता, कडेला फाटत होता. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की आपण गात नाही, पण गाणं जसंच्या तसं आत आहे, वाटेल तेव्हा काढता येईल. ती समजूत त्या सकाळी गेली. मी चहाचं आधण ठेवलं. मला आवाजातलं काय कळतंय.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गच्चीत रियाज सुरू झाला. पहिले तीन-चार दिवस फारच वाईट गेले. समोरच्या घरातल्या बाईंनी मला रस्त्यात अडवून काळजीने विचारलं, "खालांना बरं नाही का?" खालांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा, औषध चालू आहे." चाचा त्या दिवसांत दुकान उशिरा उघडायला लागले. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक सायकलची साखळी मांडीवर घेऊन ते बसलेले असत. आठवडाभर तीच साखळी ते पुसत होते.

साथीला पेटी हवी म्हणून बुधवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात आम्ही गेलो. खालांनी एक सूर गाऊन दाखवला आणि हा काढा म्हणाल्या. दुकानदाराने एक पट्टी दाबली. "त्याच्या वर," खाला म्हणाल्या. त्याने पुढची दाबली. "त्याच्या खाली." दुकानदाराने दोन्ही पट्ट्यांकडे बघितलं, मग खालांकडे. "बाई, मध्ये लाकूड आहे." तिथेच तारा बदलून घ्यायला आलेले एक गृहस्थ हे सगळं ऐकत होते. आपटेमास्तर. पूर्वी नाटक मंडळीत व्हायोलिन वाजवत, आता शिकवण्या करत. त्यांनी खालांना तो सूर पुन्हा म्हणायला लावला.

"हा गंधार चुकलाय," मास्तर म्हणाले. "कोमलही नाही, शुद्धही नाही."

"चुकलेला नाही. त्याचं घर दोघांच्या मध्ये आहे."

मास्तरांनी व्हायोलिन खांद्याला लावलं आणि बोट सरकवत सरकवत तो सूर शोधला. सापडला तेव्हा दुकानदाराने हातातलं काम थांबवलं. मास्तर म्हणाले, "पन्नास वर्षं मी याच्यावरून उडी मारून जातोय." त्याच संध्याकाळी ते कॅम्पात हजर झाले.

मेंदीचा कार्यक्रम गच्चीवरच झाला, दुपारी, मांडव घालून. पुण्यात शिकणारी इराकी मुलंमुली आली होती, काही येमेनी, काही सुदानी. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. खाला काळा रेशमी पोशाख घालून बसल्या आणि मास्तरांना मान हलवून खूण केली. होडीवाल्याचं गाणं त्यांनी पहिलंच धरलं. आलाप झाला, पहिली ओळ आली, आणि मागच्या बाजूला बसलेली मुलं खोखो हसली. त्या ओळीत ती बाई होडीवाल्याला गाढव म्हणते, हे मला नंतर समजलं. दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. तिसरीला होडीवाल्याची उत्तरं मुलं म्हणायला लागली. आपटेमास्तर घामाने भिजले होते आणि अतिशय खुशीत होते. म्हातारीचा वाटलेला तो फाटका, जाड आवाज त्या भांडकुदळ बाईला असा काही शोभला, की खालांच्याही ते मध्येच लक्षात आलं असावं. त्यांनी एक ओळ मुद्दाम जास्त फाडून घेतली. सुआद हसता हसता रडली आणि तिची मेंदी फिसकटली. तिच्या हातावर पुन्हा मेंदी काढेपर्यंत खालांनी गाणं थांबवलं नाही.

चाचा पाण्याची घागर घेऊन मांडवाच्या दारात उभे होते. गाणं संपल्यावर त्यांनी हैदरला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे ती बाई त्याला शिव्या देत होती? पहिल्यापासून?" हैदर म्हणाला, हो. चाचांनी घागर खाली ठेवली. मग म्हणाले, "तरीच ही मला ते गाणं कधी समजावून सांगत नव्हती."

लग्न झालं, हैदर आणि सुआद वेगळं घर घेऊन राहायला गेले. आता खाला पुन्हा गप्प होतील असं मला वाटलं होतं. पण आपटेमास्तर काही स्वस्थ बसले नाहीत. पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम करायचाच, असा त्यांनी हट्ट धरला. खाला महिनाभर नाही म्हणत होत्या. "इराकी पोरांपुढे गाणं वेगळं. पेठेतले लोक उदबत्ती लावतील." मास्तर म्हणाले, लावणार नाहीत. खाला म्हणाल्या, तुम्हाला लोक माहीत नाहीत. शेवटी त्या तयार झाल्या, पण प्रत्येक गाण्याआधी त्या स्वतः बोलणार, ही अट घालून.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. खाला व्यासपीठावर बसल्या, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि त्या तुटक, पाट्यांवरच्या मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. आता जे ऐकाल ती प्रार्थना नाही. एक बाई होडीवाल्याशी भांडते आहे. चूक होडीवाल्याची आहे. कृपया हात जोडू नका, गाणं आहे. हसायचं तिथे हसलं तरी चालेल."

लोक तिथेच हसले. मग गाणं ऐकलं. पुढचं गाणं एका मुलीचं होतं. शेजारच्या घरचा दिवा विझला की नाही ते ती खिडकीतून बघत असते. खालांनी सांगितलं, "हिला झोप येत नाही. कारण तुम्ही ओळखलं असेलच. नसेल ओळखलं तर घरी जाऊन विचारा." असं करत सगळा कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या, मास्तरांना हार झाला, खालांना शाल.

लोक उठले तेव्हा पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ व्यासपीठाशी आले. ते कार्यक्रमभर डोळे मिटून बसले होते आणि मला वाटलं होतं, की झोपले आहेत.

"बाई, बरं झालं गाणं," ते म्हणाले. "पण दिव्याच्या गाण्यात, वर जाऊन परत येता ना, तिथे श्वास चुकीच्या जागी घेतलात. शब्द मोडला."

आपटेमास्तरांचा चेहरा उतरला. खालांनी त्या गृहस्थांना विचारलं,

"आपल्याला अरबी येतं?"

"छे. शब्द मोडलेला कळायला भाषा कशाला यावी लागते?"

खालांनी मनातल्या मनात ती ओळ म्हणून बघितली असावी. त्यांचे ओठ हलले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मोडला."

गृहस्थांनी मान डोलावली आणि आपल्या चपला शोधायला निघून गेले.

परतताना आम्ही तिघं रिक्षात होतो. मध्ये खाला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शाल सांभाळत चाचा. लक्ष्मी रस्ता संपेपर्यंत खाला एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना लागलं.

"जाऊ द्या, खाला," मी म्हटलं. "पुण्यातले म्हातारे असेच असतात."

"असेच असतात?" त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मग इतकी वर्षं होते कुठे?"

मग त्यांनी मला तो माणूस नेमकं काय म्हणाला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. श्वास म्हणाला की दम म्हणाला? श्वास म्हणाला. शब्द मोडला म्हणाला की तुटला? मोडला म्हणाला. चाचांना ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी ते सगळं चाचांना पुन्हा सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, त्या गृहस्थांसारखी मान डोलावून. अशा आनंदात मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, मेंदीच्या दिवशीसुद्धा नाही.

रिक्षा चौकात थांबली. खालांनी पाठ ताठ केली, पोटभर श्वास घेतला आणि भर रहदारीत, आजूबाजूच्या सायकलवाल्यांच्या समोर, ती दिव्याची ओळ गायली. वर गेल्या, परत आल्या, शब्द अखंड ठेवला. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

"आता बरोबर आली," चाचा म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय," खाला म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या.